एका संग्रहपालाचे दप्तर
(द्वितीय वर्ष, कला)

इतिहास शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला पत्राची थोरवी वेगळी सांगावी लागत नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करीत हिंडले, जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेले कागदांचे रुमाल त्यांनी सोडले, आणि त्यांतून मराठ्यांच्या इतिहासाची साधने उभी राहिली. लढाई कोणी जिंकली हे किल्ल्याच्या तटावरून कळेल. पण लढाईच्या आदल्या रात्री कोणाच्या घरात दाणा नव्हता आणि कोणाला कोणाची काळजी होती, हे पत्रावाचून कळत नाही.

असेच एक मोठे दप्तर न्यूयॉर्क शहरात जपून ठेवलेले आहे. ते कोणा राजाचे नाही, सेनापतीचे नाही. एका संग्रहालयाच्या संचालकाने चित्रकारांशी, मूर्तिकारांशी, चित्रे बाळगणाऱ्या धनिकांशी आणि सरकारी कचेऱ्यांशी केलेला तो पत्रव्यवहार आहे. त्या संचालकाचे नाव आल्फ्रेड बार. व्हॅन गॉग, पिकासो, मातिस ही नावे आज आपल्या कलाशाळांतील मुलांच्याही तोंडी असतात. ती तशी व्हावीत म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत बार यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांनी स्वतः मात्र चित्रकार म्हणून नाव कमावले नाही. त्यांची कमाई म्हणजे इतरांची चित्रे आणि ही पत्रे.

आल्फ्रेड बार यांचा जन्म २८ जानेवारी १९०२ रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी झाला. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते. पुढे कुटुंब बाल्टिमोरला गेले आणि मुलाचे शालेय शिक्षण तेथेच झाले. मुलगा बारीक अंगाचा, अबोल आणि अभ्यासू. पक्षी आणि फुलपाखरे पाहण्याचा त्याला नाद होता. कोणता पक्षी कोठे, केव्हा दिसला याची बारकाईने नोंद करण्याची ही सवय पुढे चित्रांच्या बाबतीत कामास आली. वयाच्या सोळाव्या वर्षी तो प्रिन्स्टन विद्यापीठात दाखल झाला. तेथे मोरी नावाचे प्राध्यापक मध्ययुगीन कला शिकवीत. त्या काळातील वास्तू, मूर्ती, भित्तिचित्रे, हस्तलिखिते आणि कारागिरी ही सारी एकाच जीवनाची अंगे म्हणून ते समजावून सांगत. बार यांच्या मनात तेथेच एक विचार रुजला. जुन्या काळाकडे असे पाहता येते, तर आपल्या स्वतःच्या काळाकडे का पाहू नये?

पदव्युत्तर अभ्यास करीत असतानाच त्यांनी अध्यापनास सुरुवात केली. १९२७ मध्ये वेलस्ली येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्यांनी आधुनिक कलेचा अभ्यासक्रम सुरू केला. पदवीपूर्व वर्गात असा विषय शिकविण्याचा अमेरिकेतील हा पहिलाच प्रयत्न मानला जातो. चित्राइतकेच चित्रपट, नाटक, छपाई आणि यंत्राने घडविलेल्या वस्तूही ते विषयात घेत, आणि विद्यार्थिनींना कारखान्याची इमारत पाहण्यासाठी घेऊन जात. त्याच वर्षी ते युरोपच्या दौऱ्यावर निघाले. जर्मनीत देसाऊ येथील बाउहाउस ही कलाशाळा त्यांनी पाहिली. १९२७ च्या नाताळात ते मॉस्कोला पोचले आणि कडाक्याच्या थंडीत तेथील चित्रकारांच्या, लेखकांच्या, चित्रपट घडविणाऱ्यांच्या घरी हिंडले. पुस्तकावरून कला शिकविणारा हा प्राध्यापक आता जिवंत कलावंतांना नावानिशी आणि पत्त्यानिशी ओळखू लागला.

१९२९ साली न्यूयॉर्कमधील तीन कलाप्रेमी स्त्रियांनी, म्हणजे अॅबी रॉकफेलर, लिली ब्लिस आणि मेरी सलिव्हन यांनी, आधुनिक कलेसाठी स्वतंत्र संग्रहालय काढण्याचे ठरविले. हार्वर्डच्या पॉल सॅक्स या प्राध्यापकांनी संचालकपदासाठी बार यांचे नाव सुचविले. त्या वेळी त्यांचे वय अवघे सत्तावीस होते. ८ नोव्हेंबर १९२९ रोजी एका कचेरीच्या इमारतीच्या बाराव्या मजल्यावर भाड्याच्या खोल्यांत ‘म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ लोकांसाठी खुले झाले. दहाच दिवसांपूर्वी न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला होता आणि लक्षाधीश रस्त्यावर येत होते. तरीही सेझान, गोगॅं, सरा आणि व्हॅन गॉग यांच्या या प्रदर्शनाला पहिल्या महिन्यात सुमारे ४७ हजार माणसे लोटली.

आता बार यांचा खरा पत्रसंसार सुरू झाला. संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काचेची कपाटे आणि भिंतीवरची चित्रे येतात. पण ती चित्रे तेथे येतात कशी? एखादे प्रदर्शन भरवायचे तर चित्र कोणाच्या घरी आहे याचा शोध घ्यावा लागतो. मालकाला विनंती करावी लागते, विम्याची आणि बोटीची व्यवस्था करावी लागते, चित्रकाराची मर्जी सांभाळावी लागते, आणि चित्र परत गेल्यावर आभार मानावे लागतात. या प्रत्येक पायरीवर एक पत्र असते. या कामात बार यांना जन्माची सोबत मिळाली ती त्यांच्या पत्नीची. मार्गारेट स्कोलारी, म्हणजेच मार्गा, यांचा जन्म रोमचा. वडील इटालियन, आई आयरिश. १९३० मध्ये दोघांचा विवाह झाला. मार्गाबाईंना युरोपातील अनेक भाषा अस्खलित येत. पॅरिसच्या कलावंतांशी बोलणे, त्यांच्या पत्रांचे अर्थ लावणे आणि उत्तरांना योग्य फ्रेंच वळण देणे, यांतले कितीतरी काम त्यांनी केले. संग्रहालयाच्या पगारपत्रकावर त्यांचे नाव नव्हते. संचालकाच्या नावाने निघालेल्या त्या पत्रांमागे एक बिनपगारी हातही होता, हे चरित्र लिहिताना विसरून चालणार नाही.

पत्राचे मोल बार किती जाणत होते हे १९३५ च्या व्हॅन गॉग प्रदर्शनात दिसले. व्हिन्सेंटने भाऊ तेओला लिहिलेल्या पत्रांतील निवडक मजकूर त्यांनी प्रदर्शनाच्या पुस्तिकेत चित्रांच्या जोडीला दिला. चित्राचा अर्थ पंडिताने सांगण्याआधी तो चित्रकाराच्याच तोंडून ऐकावा, ही त्यामागची दृष्टी होती. ते प्रदर्शन पाहण्यासाठी लोकांची एकच झुंबड उडाली.

सगळेच कलावंत मात्र तेओच्या भावासारखे भरभरून लिहिणारे नसतात. पिकासो पत्रांना उत्तर देण्याचा कंटाळा करी हे प्रसिद्धच आहे. त्याचे मोठे प्रदर्शन भरविण्याची बार यांची धडपड १९३०-३१ पासून चालू होती. एकदा सारे जुळत आले असताना पिकासोने अंग काढून घेतले आणि आपली चित्रे १९३२ साली पॅरिसमध्येच मांडली. दुसरा कोणी असता तर रागावून गप्प बसला असता. बार रुसले नाहीत. ते लिहीत राहिले, भेटत राहिले, आणि प्रदर्शन झाले ते १९३९ च्या नोव्हेंबरात. त्याच वर्षी ‘आव्हिन्योंच्या तरुणी’ हे पिकासोचे युगप्रवर्तक चित्रही संग्रहालयाच्या मालकीचे झाले. तोवर युरोपात दुसरे महायुद्ध पेटले होते. प्रदर्शनातील ‘गेर्निका’ हे विख्यात चित्र मग कित्येक वर्षे अमेरिकेतच राहिले.

युद्धाची चाहूल बार यांना फार आधी लागली होती. १९३२-३३ मध्ये निद्रानाशाने आणि अतिश्रमाने थकून ते वर्षभराच्या रजेवर होते. १९३३ च्या आरंभी त्यांचा मुक्काम जर्मनीतील स्टुटगार्ट येथे होता, आणि हिटलरची सत्ता येताना त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. ओस्कर श्लेमर या चित्रकाराचे तेथील प्रदर्शन नाझींच्या धाकाने बंद करण्यात आले. बार यांनी ताबडतोब न्यूयॉर्कला आपले मित्र फिलिप जॉन्सन यांना तार करून श्लेमरचे बाउहाउसच्या जिन्याचे चित्र विकत घ्यायला सांगितले. जॉन्सन यांनी ते घेतले आणि पुढे संग्रहालयाला दिले. आज ते चित्र तेथे आहे. नाझी राजवटीत कलेची कशी गळचेपी होत आहे यावर बार यांनी परतल्यावर लेखही लिहिले. पण त्या वेळी ते छापायला संपादक मिळेनात. त्यांतील बहुतेक लेख प्रसिद्ध झाले ते १९४५ साली, जेव्हा सांगण्यासारखे सारे जगाला कळून चुकले होते.

१९३६ मध्ये त्यांनी घनवाद आणि अमूर्त कला यांवर एक मोठे प्रदर्शन मांडले. त्यासाठी युरोपातून आलेली एकोणीस शिल्पे अमेरिकेच्या जकात खात्याने अडविली. शिल्प म्हणजे माणसाची किंवा प्राण्याची आकृती, अशी कायद्याची समजूत होती. या वस्तूंत तर नाक, डोळे काहीच दिसेना! याच प्रदर्शनाच्या तयारीत ते १९३५ साली जर्मनीतील हॅनोव्हरला गेले होते. माल्येविच या रशियन चित्रकाराची चित्रे तेथील संग्रहालयाच्या तळघरात दडवून ठेवलेली होती, आणि त्यांतील दोन बार यांनी छत्रीत गुंडाळून देशाबाहेर नेली असे सांगतात. ती वाचली हे खरे. पण ती चित्रे नेमकी कोणाची, हा प्रश्न उरलाच. १९९९ मध्ये संग्रहालयाने माल्येविचच्या वारसांशी तडजोड केली, त्यांना रक्कम दिली आणि एक चित्र परत केले. वाचविणे आणि आपलेसे करणे यांतील सीमारेषा किती पुसट असते, हे या एका गोष्टीवरून ध्यानात येते.

यापुढचा प्रसंग बार यांच्या चरित्रातील सर्वांत मोठा आहे असे मला वाटते.

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. जर्मनीतून पळून फ्रान्सच्या आश्रयाला आलेले लेखक आणि कलावंत तेथे सापळ्यात सापडले. शरण आलेल्या फ्रेंच सरकारने जर्मनी मागेल त्या निर्वासिताला हवाली करण्याचे मान्य केले होते. त्यांना सोडविण्यासाठी न्यूयॉर्कमध्ये एक समिती स्थापन झाली. व्हेरियन फ्राय नावाचा तरुण पत्रकार तिच्यातर्फे ऑगस्टमध्ये मार्सेय बंदरी गेला. त्याच्या खिशात सुमारे दोनशे नावांची यादी होती. त्या यादीसाठी कलावंतांची नावे देणाऱ्यांत बार प्रमुख होते.

पण यादीत नाव असल्याने कोणी बोटीत चढत नाही. अमेरिकेचा प्रवेशपरवाना मिळण्यासाठी कागद लागत. हा माणूस आमच्यावर भार होणार नाही, याच्या खर्चाची हमी मी घेतो, असे एखाद्या ऐपतदार अमेरिकनाचे प्रतिज्ञापत्र लागे. हा माणूस सच्छील आहे, राजकीयदृष्ट्या निरुपद्रवी आहे, असे दुसरे पत्र लागे. शिवाय त्याची जीवनकथा आणि त्याच्या कार्याची थोरवी थोडक्यात लिहून द्यावी लागे.

कचेरीच्या दारात ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना हे ओळखीचे वाटेल. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, चांगल्या वर्तणुकीचा दाखला! माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. प्रवेशाच्या वेळी एका कागदावर एका ओळखीच्या गुरुजींची सही मिळाली नसती तर आज हा लेख लिहिण्यास मी येथे नसतो. त्यामुळे ज्याची सही चालते अशा माणसाने ती कोणासाठी खर्चावी, या प्रश्नाकडे मला दुरून पाहता येत नाही. माझ्यापुढे प्रश्न एका वर्षाचा होता. मार्सेयला अडकलेल्यांपुढे तो जिवाचा होता.

बार दांपत्याने आपली सही आणि आपला वेळ मुक्तहस्ताने खर्च केला. आल्फ्रेड यांच्या नावाला वजन होते. मार्गाबाईंनी प्रत्यक्ष कामाचा डोंगर उपसला. हमी देणारे धनिक शोधणे, प्रवासखर्चासाठी पैसे मागणे, जीवनवृत्ते तयार करणे, कचेऱ्यांना स्मरणपत्रे धाडणे, हे महिनोन् महिने चालले. मार्क शागालला संग्रहालयातर्फे अमेरिकेस येण्याचे निमंत्रण गेले. तो आधी हलायलाच तयार नव्हता. अमेरिकेत गायी आहेत का, अशी त्याला शंका होती म्हणे! अखेर जून १९४१ मध्ये तो न्यूयॉर्कला सुखरूप पोचला. जाक लिपशित्झ, मॅक्स एर्न्स्ट, आंद्रे मासों हेही त्याच वर्षी सुटले. मातिस आणि पिकासो यांनी फ्रान्स सोडण्यास नकार दिला. फ्रायने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे दोन हजार माणसांना मदत केली असे मानतात. सर्वांचे दैव सारखे नव्हते. फ्रान्समध्ये लपून राहिलेला ओटो फ्रॉइंडलिश हा चित्रकार पकडला गेला आणि १९४३ मध्ये नाझींच्या छळछावणीत मारला गेला.

एरवी ज्या कागदावर चित्र उसने मागायचे त्याच कागदावर आता माणूस मागायचा होता. दहा वर्षांच्या पत्रव्यवहारातून जमलेली ओळख नसती तर हे शक्य झाले असते का? कोणता चित्रकार कोठे राहतो, त्याची चित्रे कोणाकडे आहेत, त्याच्यासाठी कोण पैसे देईल, ही सगळी माहिती त्या दप्तरात तयारच होती.

अशा माणसाला संग्रहालयाने काय दिले? ऑक्टोबर १९४३ मध्ये विश्वस्तमंडळाचे अध्यक्ष स्टीफन क्लार्क यांनी त्यांना संचालकपदावरून दूर केले. आयुष्यभर पत्रे लिहिणाऱ्या या माणसाला हा निर्णयही पत्रानेच कळला. कारभारापेक्षा त्यांनी लेखनाकडे लक्ष द्यावे, आणि तेही त्यांच्या हातून पुरेसे झालेले नाही, असे सांगण्यात आले. त्यांच्या काही निवडींवर विश्वस्त नाराज होतेच. बूट पॉलिश करणाऱ्या एका माणसाने मणी-पताकांनी सजविलेली आपली बैठक त्यांनी संग्रहालयाच्या दर्शनी भागात कलाकृती म्हणून मांडली, हे पुष्कळांना रुचले नव्हते. पगार निम्म्यावर आला. वय एकेचाळीस.

मान सांगावा जना, अपमान सांगावा मना, अशी आपल्याकडे म्हण आहे. बार काही काळ घरात कोंडून राहिले, आणि मग पुन्हा संग्रहालयात येऊ लागले. खोली गेली होती. ग्रंथालयातील एका कोपऱ्यात बसून त्यांनी काम सुरू केले. काहींना हा स्वाभिमानाचा अभाव वाटेल. राजीनामा तोंडावर फेकून निघून जाण्यात एक तेज असते, हे मलाही मान्य आहे. पण मुलाला कोणी घराबाहेर काढले म्हणून आई त्याच्या तापाची चौकशी करण्याचे सोडत नाही. ते संग्रहालय बार यांचे तसे होते. १९४४ मध्ये जॅक्सन पोलॉक या तरुण चित्रकाराचे एक चित्र संग्रहालयाने विकत घेतले. पोलॉकचे चित्र घेणारे ते पहिले संग्रहालय. त्या दिवसांत बार यांच्याकडे अधिकार फारसा नव्हता, पण दृष्टी कोणी काढून घेतली नव्हती.

त्या कोपऱ्यातून पुन्हा पत्रे निघू लागली. युद्ध संपताच त्यांनी पिकासोला प्रश्नावली धाडली. कोणते चित्र केव्हा काढले, आधी कोणते, नंतर कोणते? त्यातून १९४६ मध्ये पिकासोवरील त्यांचा ग्रंथ पुरा झाला आणि त्यावर हार्वर्डने त्यांना डॉक्टरेट दिली. पुढे मातिसलाही त्यांनी एकामागून एक प्रश्नावल्या पाठविल्या. मातिसच्या मुलामुलीने उत्तरे मिळविण्यास मदत केली, आणि १९५१ मध्ये मातिसवरील त्यांचा ग्रंथ निघाला. चित्रकार हयात असतानाच त्याला विचारून ठेवावे, नंतर तर्क करीत बसण्यात अर्थ नाही, हा त्यांचा बाणा होता. १९४७ मध्ये संग्रहाच्या संचालकपदी त्यांची नेमणूक झाली आणि गेलेला मान काही अंशी परत आला. त्याच साली इंग्लंडमध्ये दारिद्र्यात दिवस काढणाऱ्या कुर्ट श्विटर्स या वृद्ध जर्मन कलावंताला संग्रहालयाने एक हजार डॉलरचे साहाय्य पाठविले. त्या बळावर त्याने एका धान्यकोठारात आपली शेवटची कृती आरंभिली. जानेवारी १९४८ मध्ये तो वारला.

१९५८ च्या जानेवारीत जॅस्पर जॉन्स या नवख्या तरुणाच्या पहिल्याच प्रदर्शनातून बार यांनी संग्रहालयासाठी एकदम तीन चित्रे निवडली. अमेरिकन ध्वजाचे चौथे चित्र संग्रहालयाने घेतले तर लोक खवळतील या भीतीने त्यांनी ते जॉन्सन यांना घ्यायला लावले. श्लेमरच्या वेळचीच युक्ती! १९७३ मध्ये जॉन्सन यांनी ते चित्र बार यांच्या सन्मानार्थ संग्रहालयाला अर्पण केले.

बार यांच्या दृष्टीला मर्यादा नव्हत्या असे नाही. १९३६ च्या पुस्तिकेवर त्यांनी आधुनिक कलेची एक वंशावळ छापली. तीत जपानी छापचित्रे, आफ्रिकी शिल्पे आणि पश्चिम आशियाची कला येतात खरी, पण केवळ उपनद्यांसारखी. मुख्य प्रवाह युरोपचाच. आपल्याकडचा वाचक ती पाहील तर आपले गाव या नकाशात कोठे आहे, असे तो विचारल्यावाचून राहणार नाही. ते विचारणे योग्यच आहे.

१९६७ मध्ये बार निवृत्त झाले. उतारवयात त्यांना स्मृतिभ्रंशाच्या आजाराने गाठले. हजारो चित्रांची साले आणि त्यांच्या मालकांची नावे ज्यांच्या ओठांवर असत, त्यांच्याच मनातून ती एकेक करून निघून गेली. १५ ऑगस्ट १९८१ रोजी कनेटिकट राज्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतर महिन्याभरातच ‘गेर्निका’ आपल्या मायदेशी, स्पेनला परतले. बार यांनी १९३९ साली मांडलेले ते चित्र उसनेच आले होते, आणि उसने आणलेले परत करायचे असते.

त्यांची स्मृती मावळली. दप्तर मात्र शाबूत राहिले. संग्रहालयाने ते जतन केले असून त्याच्या सूक्ष्मफिती काढण्यात आल्या आहेत. अभ्यासक येतात, पेट्या उघडतात. विनंत्या, आभार, विम्याचे आकडे, प्रश्नावल्या, स्मरणपत्रे, आणि त्यांच्यामध्येच कोठेतरी एखादा चांगल्या वर्तणुकीचा दाखला. तो ज्याच्यासाठी लिहिला गेला तो बोटीत चढला, आणि त्याने पुढे आणखी चित्रे काढली.